शिक्षा, बक्षीस आणि राहून गेलेला प्रश्न

वर्तनवादाच्या इतिहासाची टिपणे काढत असताना 'लाइफ' या अमेरिकी साप्ताहिकाचा ७ मे १९६५चा अंक माझ्या पाहण्यात आला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत चाललेल्या एका प्रयोगाची सचित्र हकिकत त्यात आहे. किंकाळ्या, चपराका आणि माया अशा अर्थाचे तिचे शीर्षक. छायाचित्रे अ‍ॅलन ग्रांट यांची. एका चित्रात एक मोठा माणूस लहान मुलाच्या तोंडासमोर तोंड नेऊन ओरडतो आहे. दुसऱ्यात मुलाला चमच्याने घास भरवला जातो आहे, त्याला कुरवाळले जाते आहे. आणखी एका प्रसंगात एक मुलगी अनवाणी आहे आणि तिच्या पायांखालच्या जमिनीतून विजेचा झटका देण्याची सोय केलेली आहे.

पहिल्या नजरेला संताप आला. मजकूर वाचल्यावर तो संताप तितका सोपा राहिला नाही. ही मुले स्वमग्न होती. बोलत नव्हती, काही जण स्वतःला चावत, डोके भिंतीवर आपटत. प्रयोगशाळेबाहेर त्यांच्यापुढे काय होते? आयुष्यभराचा आश्रम, गुंगीची औषधे आणि पलंगाला बांधलेले हातपाय. प्रयोग करणारे म्हणत होते की आमच्याकडे निदान शिकवण्याची एक रीत आहे.

त्या रीतीचा इतिहास शोधावा असे तेव्हा वाटले. चांगल्या वर्तनाला बक्षीस, नकोशा वर्तनाकडे काणाडोळा किंवा त्याला शिक्षा, एवढेच तिचे सूत्र. आपल्याला ते नवे नाही. मराठीत 'शिक्षा' म्हणजे दंड. संस्कृतात आणि हिंदीत तोच शब्द शिकवण्यासाठी आहे. आपण कुणाला 'धडा शिकवतो' तेव्हा पुस्तक उघडत नाही. शिकवणे आणि दंडणे यांची ही गाठ आपल्या भाषेत आहे, आपल्या घराशाळांत आहे. विसाव्या शतकातल्या मानसशास्त्राने ती सोडवायला घेतली, तेव्हा काय झाले, याची ही हकिकत.

मांजरे, उंदीर आणि एक शंका

सुरुवात एडवर्ड थॉर्नडाइक यांच्या मांजरांपासून करावी लागते. १८९८च्या आपल्या प्रबंधासाठी त्यांनी भुकेली मांजरे लाकडी पेट्यांत कोंडली. दोरी ओढली किंवा फळी दाबली की दार उघडे आणि बाहेर ठेवलेले खाणे मिळे. मांजर आधी ओरबाडे, धडपडे, मग चुकून दोरी ओढली जाई. पुढच्या खेपेला वेळ कमी लागे, त्याच्या पुढच्या खेपेला आणखी कमी. यावरून त्यांनी 'परिणामाचा नियम' मांडला आणि १९११च्या ग्रंथात त्याला पक्के रूप दिले. ज्या कृतीमागोमाग समाधान येते ती बळावते. जिच्यामागोमाग त्रास येतो ती दुबळी होते. तराजूच्या दोन पारड्यांसारखा हा नियम होता.

पुढे वीस वर्षांनी थॉर्नडाइक यांनीच एक पारडे काढून घेतले. माणसांवर केलेल्या प्रयोगांत ते एका शब्दासाठी अनेक पर्याय देत आणि उत्तराला 'बरोबर' किंवा 'चूक' म्हणत. 'बरोबर' म्हटलेली उत्तरे टिकून राहत. 'चूक' म्हटल्याने मात्र चुकीची उत्तरे तेवढ्या प्रमाणात मागे हटत नसत. १९३२मध्ये त्यांनी हे जाहीरपणे लिहिले. स्वतःच्या नावाने चालणारा नियम स्वतःच अर्धा मागे घेणे ही विद्वानांच्या जगात रोज घडणारी गोष्ट नव्हे.

बी. एफ. स्किनर यांनी ही शंका पुढे नेली. त्यांच्या १९३८च्या ग्रंथात एक साधा प्रयोग आहे. उंदरांना तरफ दाबून खाणे मिळवायला शिकवले होते. मग खाणे बंद केले. एका गटाला पहिली काही मिनिटे तरफ दाबताच ती तरफच पंजांवर फटका मारी. दुसऱ्या गटाला नुसतेच खाणे मिळेनासे झाले. फटके खाणारे उंदीर लगेच थांबले. पण फटके बंद झाल्यावर ते हळूहळू पुन्हा दाबू लागले आणि दुसऱ्या दिवसाच्या अखेरीस दोन्ही गटांच्या दाबण्याची एकूण संख्या सारखीच भरली. १९४४मध्ये विल्यम एस्टिस यांनी विजेचे झटके वापरून हेच अधिक बारकाईने तपासले. शिक्षेने वर्तन दबते, उपटले जात नाही, असा निष्कर्ष निघाला. वरून विळा फिरवला, मुळे तशीच राहिली.

स्किनर यांच्या आत्मकथनात एक आठवण आहे. वडिलांनी त्यांच्यावर कधी हात उगारला नाही. आईने एकदाच, अपशब्द तोंडी आला म्हणून, साबणाने तोंड धुतले. पण गुन्हेगारांचे काय होते हे कळावे म्हणून वडिलांनी त्यांना गावाकडचा तुरुंग हिंडून दाखवला होता. पुढे हा मुलगा जन्मभर शिक्षेविरुद्ध लिहीत राहिला.

इथे प्रामाणिकपणे एक भर घालायला हवी. शिक्षा निरुपयोगी असते हे शेवटचे सत्य ठरले नाही. १९६६मध्ये नेथन अ‍ॅझरिन आणि विल्यम होल्ट्झ यांनी तोवरच्या प्रयोगांचा आढावा घेतला. शिक्षा पुरेशी तीव्र असेल, कृतीमागोमाग तत्काळ होत असेल आणि दर वेळी होत असेल, तर वर्तन पुरते थांबते, असे त्यात दिसून आले. म्हणजे 'मारून काही होत नाही' हा दिलासा प्रयोगशाळेने आपल्याला दिलेला नाही. मारून काय काय होऊ शकते, याची हकिकत पुढे येतेच.

परिचारिकांच्या दारात

शिक्षेला पर्याय म्हणून जे तंत्र पुढे आले त्याला मी इथे 'विभेदी प्रबलन' म्हणतो. शब्द जड आहे, गोष्ट घरातली आहे. आई फोनवर बोलत असली की मूल पदर ओढते, किंचाळते. आई वळून 'गप्प बस!' म्हणते. तिला वाटते, आपण रागावलो. मुलाला आई मिळालेली असते. त्याचे किंचाळणे या रागावण्यानेच बळावते, हे प्रबलन. आता किंचाळण्याकडे लक्ष द्यायचे नाही आणि मूल साध्या आवाजात 'आई' म्हणाले की लगेच वळून बघायचे, असे ठरवले तर? एका वर्तनाला प्रतिसाद द्यायचा आणि दुसऱ्याला नाही. हा भेद म्हणजेच विभेदी प्रबलन.

प्रयोगशाळेबाहेर हे तंत्र वापरल्याचे एक गाजलेले उदाहरण कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतातले आहे. वेबर्न येथील मनोरुग्णालयात टिओडोरो आयलॉन आणि जॅक मायकेल यांनी परिचारिकांना हाताशी धरून काही प्रयोग केले. १९५९मध्ये ते प्रसिद्ध झाले. एक रुग्ण स्त्री परिचारिकांच्या कचेरीत सारखी शिरे. दिवसाला सरासरी सोळा वेळा. तिला समजावून झाले होते, हाताला धरून बाहेर नेऊन झाले होते, ढकलूनही झाले होते. आयलॉन यांनी सांगितले, ती आली तर काहीच करू नका. सातव्या आठवड्यापर्यंत सोळाचे दोन झाले. तिला बाहेर काढण्याचे प्रयत्नच तिला आत आणत होते.

त्याच लेखातली दुसरी हकिकत मला अधिक महत्त्वाची वाटते. एक स्त्री सतत आपल्या अनौरस मुलाबद्दल आणि आपल्यामागे लागलेल्या पुरुषांबद्दल बोले. वॉर्डातले लोक इतके वैतागत की इतर रुग्णांनी तिला मारलेही होते. परिचारिकांना सूचना मिळाली की तिच्या या बोलण्याकडे दुर्लक्ष करा, आणि ती हवापाण्याविषयी, रोजच्या गोष्टींविषयी बोलली की मन लावून ऐका. तिच्या बोलण्यातले 'वेडसर' बोलण्याचे प्रमाण ९१ टक्क्यांवरून २५ टक्क्यांच्या खाली आले. नंतर ते पुन्हा वाढले. चौकशी करता कळले की एक समाजसेविका तिचे बोलणे ऐकून घेत होती. तुम्ही ऐकत नाही तर मी तिच्याकडे जाईन, ती म्हणाली आहे की माझा भूतकाळ ऐकला तर तिला मला मदत करता येईल, असे त्या स्त्रीने एका परिचारिकेला सुनावलेही होते.

संशोधकांनी या ऐकण्याला चोरट्या मालासारखे नाव दिले: नियमबाह्य प्रबलन. त्यांच्या तक्त्यात ते विघ्न होते. मी मात्र या ओळींपाशी बराच वेळ थांबलो. त्या बाईचे मूल खरे होते की कल्पनेतले? त्या पुरुषांचे काय? वर्तन मोजणाऱ्याला हे विचारण्याचे कारण नव्हते. आलेखाची रेघ खाली आली, एवढे पुरे होते.

या निश्चिंतीमागे एक कारणही होते. त्या काळी मनोविश्लेषकांचा वरचष्मा होता आणि कुठल्याही वर्तनाचा खोल अर्थ लावला जाई. आयलॉन आणि एरिक हॉटन यांनी त्याची एक खोडसाळ परीक्षा घेतली. तेवीस वर्षे रुग्णालयात असलेल्या एका स्त्रीला त्यांनी सिगारेटी देऊन हातात केरसुणी धरून उभे राहायला शिकवले आणि दोन मनोविकारतज्ज्ञांना ते दुरून दाखवले. एकाने त्या केरसुणीत मूल पाहिले, लिंगाचे प्रतीक पाहिले, सर्वसत्ताधीश राणीचा राजदंडही पाहिला. सिगारेटी बंद झाल्यावर केरसुणीही सुटली. वर्तनवाद्यांनी हा प्रसंग हसत हसत सांगितला आणि तो हसण्यासारखा आहेच. फक्त, अर्थ लावण्यात एकदा फसगत होते म्हणून अर्थ नसतोच असे मानणे ही दुसरी फसगत आहे.

एका मुलाचा चष्मा

या तंत्राने काय साधले हे न सांगणे अन्यायाचे होईल. १९६४मध्ये मॉन्ट्रोज वुल्फ, टॉड रिस्ली आणि हेडन मीस यांनी साडेतीन वर्षांच्या एका मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. लेखात त्याचे नाव डिकी. दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू झाल्याने त्याची भिंगे काढून टाकलेली होती. चष्मा लावला नाही तर दृष्टी कायमची जाईल, असे डॉक्टरांचे म्हणणे होते. हा मुलगा चष्म्याला हात लावू देईना. तो रात्ररात्र झोपत नसे, संतापला की स्वतःला बडवी, ओरबाडी.

उपचार वॉशिंग्टन राज्यातल्या एका रुग्णालयात झाले. आधी काच नसलेली नुसती चौकट त्याच्या खोलीत ठेवली. ती हातात घेतली की खाऊ, डोळ्यांकडे नेली की खाऊ. नुसत्या खाऊने काम भागेना, तेव्हा त्याच्या जेवणाचे घास वापरले गेले. चष्मा फेकला किंवा थयथयाट केला तर थोडा वेळ एकट्याने खोलीत बसावे लागे. अखेर तो रोज बारा तास चष्मा लावू लागला. आईवडिलांना टप्प्याटप्प्याने ही रीत शिकवली गेली आणि मुलगा घरी गेला. पुढे तो शाळेतही जाऊ लागला.

भुकेचा असा वापर करावा का, हा प्रश्न मला पडतो. पण डिकीची दृष्टी वाचली, ही गोष्ट त्या प्रश्नाने पुसली जात नाही. चष्म्याची गरज त्याची होती. पुढच्या हकिकती वाचताना एवढे लक्षात ठेवावे.

विजेची जमीन

आता 'लाइफ'च्या अंकाकडे वळतो. त्या प्रयोगाचे प्रमुख इवार लोवास. जन्म १९२७, नॉर्वेतला. १९६५मध्ये त्यांनी बेन्सन शेफर आणि जेम्स सिमन्स यांच्यासह पाच वर्षांच्या जुळ्या भावांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. ही मुले कुणाजवळ जात नसत. त्यांना विजेचा झटका दिला जाई आणि मोठ्या माणसाकडे धाव घेतली की तो थांबे. मुले माणसांकडे येऊ लागली. संशोधकांनी याला सामाजिक वर्तनाची उभारणी म्हटले.

१९६९च्या पुढच्या लेखात स्वतःला गंभीर इजा करणारी तीन मुले आहेत. कोणी सतत बांधून ठेवलेले, कोणी स्वतःचे लचके तोडणारे. लोवास आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्याआधीच्या प्रयोगांत एक विलक्षण गोष्ट दिसली होती. मूल स्वतःला मारू लागले की माणसे कळवळून जवळ जात, समजूत घालत, आणि त्या मायेनेच मारणे वाढे. दुर्लक्ष करून पाहिले तर मारणे थांबे खरे, पण त्याआधी मूल स्वतःला शेकडो, हजारो वेळा मारून घेई. इतका वेळ बघत राहणे धोक्याचे होते. मग झटका. मोजक्याच झटक्यांनी वर्षानुवर्षांचे मारणे जवळजवळ शून्यावर आले.

एखाद्या आईच्या जागी उभे राहून मी हे वाचले, तेव्हा उत्तर माझ्यापाशी नव्हते. चेहरा फुटलेले मूल आणि दोन दिवसांचे झटके यांतून निवडायला सांगितले तर मी काय निवडले असते?

पण त्याच लेखात आणखी एक नोंद आहे. झटक्याचा गुण बहुतेक त्या खोलीपुरता आणि तो देणाऱ्या माणसापुरता राही. दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या माणसासमोर मूल पुन्हा स्वतःला मारी. तिथेही कुणीतरी झटका द्यावा लागे. मूल काय शिकले होते? या माणसासमोर हे करायचे नाही, एवढेच. मास्तर वर्गाबाहेर गेले की वर्गात काय होते, हे छडीच्या काळात शिकलेल्या कुणाला वेगळे सांगायला नको.

लोवास यांनी पुढे विजेचा वापर सोडला. १९८७मध्ये त्यांनी आपला सर्वांत गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला चाळीस तास शिकवलेल्या १९ मुलांपैकी ९ मुले शाळेत इतर मुलांच्या बरोबरीला आल्याचा त्यात दावा होता. जगभरच्या पालकांना या आकड्याने आशा दिली. त्या चाळीस तासांत खाऊ होता, कौतुक होते, मोठ्याने 'नाही' होते आणि अधूनमधून मांडीवर चापटही होती.

निळी आणि लाल चकती

लोवास यांच्या नावावरचा आणखी एक लेख वर्तनवादावरच्या पुस्तकांत सहसा कडेला पडतो. १९७४मध्ये जॉर्ज रेकर्स यांच्यासह त्यांनी एका मुलावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. लेखात त्याचे नाव क्रेग, वय पाचच्या आसपास. त्याला बाहुल्या आवडत, मुलींचे कपडे घालायला आवडे. तो स्वतःला मारत नव्हता, चावत नव्हता, कुणाला इजा करत नव्हता. त्याचे चालणे-बोलणे बायकी आहे, ही तक्रार.

विद्यापीठातल्या खेळखोलीत मुलग्यांची आणि मुलींची खेळणी मांडली होती. कानात आवाज पोचवणारे यंत्र घालून आई तिथे बसे. मुलगा 'मुलग्यासारखा' खेळला की तिने हसायचे, कौतुक करायचे. बाहुली हातात घेतली की मान खाली घालून वाचत राहायचे. घरी निळ्या आणि लाल चकत्या होत्या. मुलग्यासारख्या वागण्याला निळी. तिच्या बदल्यात खाऊ आणि लाड. बायकी वागण्याला लाल. तिच्या बदल्यात मिळवलेले गमवायचे, आणि काही लाल चकत्यांची भरपाई वडिलांच्या हातच्या माराने व्हायची.

तंत्राच्या दृष्टीने हा विभेदी प्रबलनाचा नमुनेदार प्रयोग आहे. आलेख स्वच्छ आहेत. बायकी वर्तन घटले, पुरुषी वाढले; लेखाने यश नोंदवले. २०११मध्ये अमेरिकी दूरचित्रवाणीवर या मुलाच्या कुटुंबीयांनी आपली बाजू मांडली. तो मोठा झाला होता, समलिंगी होता आणि २००३मध्ये, वयाच्या ३८व्या वर्षी, त्याने आत्महत्या केली होती. त्या उपचारांनी तो आतून मोडला, असे त्याच्या बहिणीचे आणि भावाचे म्हणणे. एका मरणाचे एकच कारण ठामपणे सांगता येत नाही. पण ज्या नियतकालिकाने तो लेख छापला होता, त्याने २०२०मध्ये त्याबद्दल चिंता व्यक्त करणारे संपादकीय निवेदन प्रसिद्ध केले. मधे सेहेचाळीस वर्षे गेली होती.

हा लेख वाचेपर्यंत माझ्या मनात एक सोयीची वाटणी होती. शिक्षा वाईट, बक्षीस चांगले; वर्तनवादाचा इतिहास म्हणजे पहिल्याकडून दुसऱ्याकडे झालेला प्रवास. क्रेगने ती वाटणी मोडली. त्याच्या आईने खेळखोलीत त्याला चापट मारली नव्हती. तिने फक्त मान खाली घातली होती. मार न देताही पाच वर्षांच्या मुलाला त्याच्या असण्याबद्दल दंड करता येतो, आणि निळी चकती हे त्या दंडाचे दुसरे अंग असते. डिकीच्या हकिकतीत आणि या हकिकतीत तंत्र एकच आहे. एकात मुलाला चष्म्याची गरज होती. दुसऱ्यात गरज कुणाची होती?

काय म्हणायचे आहे?

वर्तनवादाची चूक वर्तनवाद्यांनीच कशी ओळखली, हा या इतिहासाचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग आहे. एडवर्ड कार यांनी १९७७मध्ये एक आढावा लिहिला: मुले स्वतःला इजा का करतात? 'कशी थांबवायची' याआधी त्यांनी 'का' विचारले. काही मुलांना त्यातून माणसांचे लक्ष मिळत असेल. काहींची नकोशा कामातून सुटका होत असेल. काहींना त्या संवेदनेचीच गरज असेल. काहींना दुखणे असेल.

१९८२मध्ये ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी बाल्टिमोरमध्ये हे तपासण्याची पद्धत बसवली. एका मुलाला वेगवेगळ्या परिस्थितींत ठेवायचे: कधी अवघड काम द्यायचे, कधी स्वतःला मारल्यावरच लक्ष द्यायचे, कधी एकटे ठेवायचे, कधी मोकळे खेळू द्यायचे. नऊपैकी सहा जणांत इजा करण्याचे प्रमाण एका ठरावीक परिस्थितीतच वाढलेले दिसले. वरून सारखे दिसणारे वर्तन आतून वेगवेगळे होते. लक्ष मागणाऱ्या मुलाला खोलीत एकटे ठेवणे ही शिक्षा. कामातून सुटका मागणाऱ्याला तेच बक्षीस.

मग १९८५मध्ये कार आणि मार्क ड्युरंड यांचा लेख आला. चार मुले, चौघांचे वागणे त्रासाचे. कुणाला काम अवघड गेले की ते वागणे वाढे, कुणाला मोठ्यांचे लक्ष कमी पडले की. पहिल्यांना 'मला समजत नाही' असे म्हणायला शिकवले. तसे म्हटले की शिक्षक मदत करी. दुसऱ्यांना 'मी नीट करतोय का?' असे विचारायला शिकवले; तसे विचारले की शाबासकी मिळे. त्रासाचे वागणे झपाट्याने कमी झाले. मुलाला चुकीचे वाक्य शिकवले, म्हणजे गरजेशी न जुळणारे, तर मात्र फरक पडत नसे.

हेही विभेदी प्रबलनच आहे. एका वर्तनाला प्रतिसाद, दुसऱ्याला नाही. पण आता मुलाच्या हाती शब्द आले होते. डोके आपटणे ही त्याची वाक्येच होती, आणि वीस वर्षे माणसे त्याला त्या वाक्यांबद्दल झटके देत होती, हे या एका लेखानंतर दिसू लागले. वेबर्नच्या रुग्णालयातली ती समाजसेविका मला इथे पुन्हा आठवली.

न संपलेली गोष्ट

यानंतर शिक्षा इतिहासजमा झाली असे लिहिता आले असते तर बरे झाले असते. स्किनर यांचे शिष्य मॅथ्यू इझ्राएल यांनी १९७१मध्ये काढलेली संस्था आज मॅसॅच्युसेट्स राज्यात जज रोटेनबर्ग सेंटर या नावाने चालते. तिथे अंगावर बांधलेल्या यंत्रातून दुरून झटका देण्याची पद्धत वापरात आली. स्वतःचा जीव धोक्यात घालणाऱ्यांसाठी शेवटचा उपाय, असे तिचे समर्थन. २०१२मध्ये न्यायालयात दाखवलेल्या चित्रफितीत २००२मधला एक प्रसंग दिसला. अठरा वर्षांच्या एका तरुणाला एका दिवसात ३१ झटके दिले होते. पहिल्याचे कारण, त्याने अंगातला कोट काढला नाही.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२०मध्ये या यंत्रांवर बंदी आणली. २०२१मध्ये न्यायालयाने ती रद्द केली. २०२२च्या अखेरीस कायदा बदलून प्रशासनाला असा अधिकार दिला गेला आणि २०२४मध्ये बंदीचा नवा प्रस्ताव आला. संस्थेच्या बाजूने काही पालकही उभे राहिले आहेत. आपल्या मुलाचा जीव या यंत्राने वाचला, असे ते सांगतात. त्यांच्याकडे तुच्छतेने पाहण्याचा अधिकार मला नाही. पण जीव वाचवण्यासाठी आणलेले साधन कोट काढण्यापर्यंत कसे पोचते, हे त्या चित्रफितीने दाखवले. हातात झटपट गुण देणारे साधन असले की 'का' हा प्रश्न विचारायला सवड राहत नाही.

तो प्रश्न आता दुसऱ्या बाजूनेही विचारला जातो. २००४मध्ये कॅनडातल्या मिशेल डॉसन या स्वमग्न संशोधिकेने वर्तनवाद्यांच्याच वर्तनावर एक लेख लिहिला. क्रेगवरच्या उपचारांना अनीतीचे म्हणता, मग स्वमग्न मुलाला 'सामान्य' दिसायला लावणे नीतीचे कसे, असा तिचा रोख होता. हात फडफडवणे कुणाला त्रासदायक आहे, त्या मुलाला की पाहुण्यांना? ज्यांच्यावर इतकी वर्षे प्रयोग झाले, त्यांच्यापैकी कुणीतरी आता तक्ता हातात घेतला होता.

आपल्याकडे २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७व्या कलमाने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही निषिद्ध ठरवले. छडी गेली, आणि अनेक वर्गांत तिच्या जागी तारे, ठसे, गुणांचे तक्ते आले. बदल चांगलाच आहे. फक्त, तक्त्यावर रोज कोरा राहणाऱ्या नावाला तो काय सांगतो, हेही पाहायला हवे. मारिया माँटेसरी यांनी तर शिक्षेबरोबर बक्षिसेही आपल्या बालगृहातून काढून टाकली होती. त्यांच्या विचारांच्या वाटेने चाललेल्या ताराबाई मोडकांनी १९४५मध्ये बोर्डीत आणि पुढे कोसबाडला अनुताई वाघांसह आदिवासी मुलांसाठी काम उभे केले. मुले शाळेत येत नसत. गैरहजेरीला दंड लावता आला असता, हजेरीला खाऊ ठेवता आला असता. या बायकांनी मुले कुठे जातात ते पाहिले. ती गुरे राखायला कुरणात जात होती. मग शाळाच कुरणात गेली. तिला कुरणशाळा म्हणत.

ताराबाईंच्या या कामाचा अमेरिकेतल्या प्रयोगशाळांशी काही संबंध नव्हता. पण कार आणि इवाटा यांना जो प्रश्न गवसायला मांजरांच्या पेट्यांपासून ऐंशीहून अधिक वर्षे लागली, तोच प्रश्न त्यांनी पहिल्याच पायरीवर विचारला होता.

'लाइफ'च्या त्या छायाचित्रांतला मुलगा आज हयात असेल तर साठीच्या पुढे असेल. ओरडणारा माणूस त्या चित्रात स्पष्ट दिसतो, त्याचे शब्दही खाली छापलेल्या मजकुरातून समजतात. मुलाला त्या क्षणी काय म्हणायचे होते, हे त्या अंकात कुठेच नाही.